वेड, पिसे आणि संभ्रम : एका वैद्यकीय व्याख्येची मराठी बाजू

मनोविकारशास्त्राच्या मराठी परिभाषेत ज्याला ‘संभ्रम’ म्हणतात, तो शब्द रोजच्या मराठीत जवळजवळ उलट अर्थाने वावरतो. संभ्रमात पडलेला माणूस म्हणजे ज्याला निर्णय करता येत नाही असा माणूस. ‘डिल्यूजन’ या इंग्रजी संज्ञेसाठी योजलेला ‘संभ्रम’ मात्र शंकेचा स्पर्शही न झालेल्या विश्वासाचे नाव आहे. संस्कृतात या शब्दाला त्वरा, धांदल, आदरयुक्त लगबग अशा छटा होत्या; त्यांचाही या पारिभाषिक अर्थाशी संबंध दिसत नाही. परिभाषाकारांची ही निवड चुकीची ठरवून मोकळे होता येईल. परंतु तिच्यातून अनवधानाने एक तथ्य पुढे येते. ज्याला विकार झाला आहे असे आपण म्हणतो त्याच्या मनात गोंधळ नसतो. गोंधळ असतो तो त्याच्या घरात, गल्लीत, गावात. हे वेड आहे की आणखी काही, हे ठरविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येऊन पडते ती माणसे खऱ्या अर्थाने संभ्रमात असतात. मनोविकारशास्त्राच्या व्याख्येने या दुसऱ्या संभ्रमाची दखल कितपत घेतली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही परका नाही, कारण या संभ्रमाची सर्वांत जुनी आणि सर्वांत तपशीलवार मराठी नोंद वैद्यकाच्या नव्हे तर वाङ्मयाच्या दप्तरात आहे.

व्याख्येचा इतिहास थोडक्यात असा. कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्ये आपल्या मनोविकृतिशास्त्रावरील ग्रंथात संभ्रमाची तीन बाह्य लक्षणे सांगितली : असामान्य खात्री, अनुभवाने वा युक्तिवादाने न ढळणारी दृढता, आणि आशयाची अशक्यता. ही लक्षणे वरवरची आहेत, याची जाणीव त्यांना होती. खरा संभ्रम ज्या मूळ अनुभवातून उगवतो तो इतरांना सहानुभूतीने आकळत नाही, आणि तेच त्याचे मर्म, असे त्यांचे म्हणणे. ‘आकळत नाही’ म्हणजे कोणाला आकळत नाही, हे मात्र त्यांनी गृहीत धरले. तत्पूर्वी १९०४ मध्ये एमिल क्रेपेलिन जावा बेटावरील बाइटेनझोर्खच्या वेड्यांच्या इस्पितळात जाऊन आले होते. तेथील रुग्णांचे संभ्रम युरोपीय रुग्णांइतके रचलेले, विस्तारलेले नसतात असे त्यांना आढळले, आणि याचे कारण त्यांनी तेथील लोकांच्या अविकसित मानसिक अवस्थेत शोधले. तौलनिक मनोविकारशास्त्राचा आरंभ असा एका वसाहतवादी गैरसमजाने झाला. नंतरच्या काळात त्या शास्त्राला या आरंभाची लाज वाटली हे खरे. व्याख्येत संस्कृतीला मानाचे स्थान देण्यामागे ती लाजही असावी.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका ‘डीएसएम’ या नावाने ओळखली जाते. तिच्या १९८० च्या तिसऱ्या आणि १९९४ च्या चौथ्या आवृत्तीतील व्याख्येचा गाभा असा की, बाह्य वास्तवाविषयीच्या चुकीच्या अनुमानातून आलेला, विरुद्ध पुरावा असूनही न सुटणारा खोटा विश्वास म्हणजे संभ्रम; मात्र तो त्या व्यक्तीच्या संस्कृतीतील वा उपसंस्कृतीतील इतरांनी सामान्यतः स्वीकारलेला नसावा, म्हणजे तो धर्मश्रद्धेचा भाग नसावा. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने मुख्य व्याख्या बदलली. खोटेपणाची अट गेली आणि विरोधी पुराव्यापुढे न बदलणारा पक्का विश्वास एवढेच उरले. परंतु त्याच पुस्तिकेच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीत जुनी व्याख्या, संस्कृतीच्या कलमासह, तशीच राहिली. एका ग्रंथात दोन व्याख्या नांदाव्यात, हे संपादनातील ढिलाईचे लक्षण म्हणता येईल; पण त्या कलमावाचून चालत नाही आणि ते नीट बसतही नाही, ही अडचणच तेथे उघडी पडते.

हे कलम उदार आहे यात शंका नाही. देवी अंगात येते म्हणणाऱ्या बाईला केवळ तेवढ्यावरून रुग्ण ठरविण्यापासून ते वैद्याला रोखते. परंतु त्यात संस्कृतीची जी कल्पना आहे ती यादीसारखी आहे : अमुक समाज अमुक गोष्टी मानतो, तमुक मानत नाही. रुग्णाचा विश्वास यादीत सापडला की तो श्रद्धा. न सापडला की लक्षण. मराठी समाजाच्या बाबतीत अशी यादी करू पाहणाऱ्याची फार लवकर फजिती होईल, आणि ती कशी, हे दाखविण्यासाठी रिद्धपूरइतके चांगले ठिकाण नाही.

आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात गुंडम राऊळ, म्हणजे गोविंदप्रभू, राहत होते. चक्रधरस्वामींचे ते गुरू. महानुभाव पंथात त्यांची गणना पंचकृष्णांत होते. म्हाइंभटांनी संकलित केलेले त्यांचे चरित्र वि. भि. कोलते यांनी संपादित केले आहे, आणि ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. या चरित्रातील राऊळ कोणाच्याही घरात शिरतात आणि मिळेल ते खातात, बाजारात दुकानातील जिन्नस उचलतात, पोरांबरोबर खेळतात, स्वतःशीच बोलतात आणि हसतात, देवळातील मूर्तींशी संवाद करतात, क्वचित कोणावर हात टाकतात. अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतही ते तितक्याच सहजतेने जातात. गावकरी त्यांना वेडे म्हणतात, पिसे म्हणतात. ‘पिसे’ या शब्दाचे नाते ‘पिशाच’शी जोडले जाते, हे ध्यानात घेतले तर दोन निदाने एका दमात होत आहेत असे दिसते : एक बिघडलेल्या बुद्धीचे, दुसरे बाहेरून आलेल्या शक्तीचे. तेच गावकरी त्यांना माय आणि बापही म्हणतात.

या चरित्राचे महत्त्व असे की त्यात हा वाद मिटविलेला नाही. पंथीय चरित्रकाराने मिटवायला हवा होता. राऊळ परमेश्वराचा अवतार आहेत हा म्हाइंभटांचा सिद्धान्तच आहे, त्याविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. तरीही गावकऱ्यांचा ‘वेडे’ हा शब्द त्यांनी गाळला नाही, अज्ञानी जनांची निंदा म्हणून बाजूला सारला नाही. तो लीळांमागून लीळांत येऊ दिला. कधी तो रागाने येतो, कधी कौतुकाने, कधी नुसता हात टेकल्यासारखा. महानुभावांच्या संकलनपद्धतीचा हा स्वभावच आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून आठवणी गोळा करावयाच्या आणि त्या जुळल्या नाहीत तर भिन्न आठवणी शेजारीशेजारी ठेवावयाच्या, ही रीत लीळाचरित्राच्या वाचकाला परिचित आहे. आधुनिक रुग्णालयातील रोगवृत्ताशी या पद्धतीची तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. रोगवृत्ताला एक निवेदक असतो, आणि तो निष्कर्षाकडे चाललेला असतो. म्हाइंभटांच्या लिखाणात निष्कर्ष आधीच ठरलेला आहे, पण साक्षी मात्र मोकळ्या आहेत.

या साक्षींपैकी एक प्रसंग वाङ्मयेतिहासात स्वतंत्रपणे प्रसिद्ध आहे. राऊळांच्या मनाने लग्न घेतले. वधू नाही, वय नाही, प्रसंग नाही. अशा वेळी भोवतालच्यांपुढे दोन मार्ग असतात : समजूत घालणे किंवा दुर्लक्ष करणे. रिद्धपूरच्या भक्तांनी तिसरा मार्ग घेतला; त्यांनी लग्न मांडले. लग्नात धवळे गावे लागतात, म्हणून ते महदाइसेने रचले, आणि वराच्या जागी कृष्ण व वधूच्या जागी रुक्मिणी आणून त्या लग्नाला तिने पुराणाचा आधार दिला. मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून आपण जे धवळे शिकवतो त्यांचे निमित्त हे आहे. पदव्युत्तर वर्गांत धवळ्यांचा छंद, त्यांचे लोकगीताशी असलेले नाते, पूर्वार्ध-उत्तरार्धाचा प्रश्न यांची चर्चा होते. ज्या मागणीला उत्तर म्हणून ते जन्मले ती मागणी आजच्या कोणत्याही निदानपुस्तिकेत लक्षण म्हणून नोंदली गेली असती, हे सहसा सांगितले जात नाही. महदाइसेने ती मागणी खरी मानली की खोटी, हा प्रश्नच गैरलागू आहे. तिने ती मागणी एका रूपात बसविली. सगळ्यांना ठाऊक असलेली कथा, सगळ्यांना गाता येणारी चाल आणि वधूवाचून चालणारे लग्न यांमुळे एका माणसाचा हट्ट अनेकांच्या भाषेत आला.

यावरून जुना मराठी समाज वेड्यांशी सहृदय होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावयास हवा. रिद्धपुरात राऊळ एकच होते. ज्या वेड्यांना शिष्य लाभले नाहीत त्यांची चरित्रे कोणी संकलित केली नाहीत. दैवी वेडाची मान्यता मोजक्यांना मिळाली आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते, हेही खरे. म्हणून याच्या शेजारी सतराव्या शतकातील बहिणाबाईचे आत्मनिवेदन ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. १६२८ मध्ये जन्मलेली ही मुलगी कोल्हापुरास असताना एका वासराच्या मृत्यूने व्याकुळ होते आणि त्या अवस्थेत तिला तुकाराम दर्शन देऊन मंत्र देतात. तुकारामांना तिने प्रत्यक्षात पाहिलेले नव्हते. स्वप्नात गुरूपदेश होणे ही वारकरी परंपरेतील रूढ वाट होती. स्वतः तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला होता. ‘संस्कृतीत मान्य’ हे कलम लावावयाचे तर बहिणाबाईचा विश्वास निर्विवाद श्रद्धा ठरतो. आणि तरीही तिच्या नवऱ्याने, जो वैदिक ब्राह्मण होता, तो मानला नाही. त्याने तिला मारहाण केली. पुढे तो स्वतः आजारी पडला, आपल्या वर्तनाचे हे फळ असे त्याच्या मनाने घेतले, आणि मग दोघे देहूस गेली.

एका घरातील नवराबायको एकाच संस्कृतीची मानावयाची की दोन उपसंस्कृतींची? दोन म्हणावे तर उपसंस्कृतीची हद्द उंबरठ्याच्या आत आली, आणि मग प्रत्येक संभ्रमी माणूस हा एकट्याच्या उपसंस्कृतीचा सभासद म्हणून सुटेल. एक म्हणावे तर त्या संस्कृतीत स्वप्नोपदेश मान्य होता की नव्हता, याला उत्तर नाही. मान्य असतो की नाही हे तेथे दर वेळी नव्याने ठरत होते. शूद्र गुरूकडून ब्राह्मण स्त्रीने, नवऱ्याला न विचारता, उपदेश घेणे या गोष्टीत वादाचे कारण स्वप्न हे नव्हतेच. विश्वासाचा आशय मान्य असूनही विश्वास ठेवणारी व्यक्ती मान्य नव्हती. संस्कृतीच्या कलमात या भेदाला जागा नाही.

या ‘दर वेळी नव्याने ठरविण्या’ची साधने मराठी भाषेतच साठलेली आहेत. जॉन स्टॅन्ली यांनी महाराष्ट्रातील संचाराविषयीच्या आपल्या लेखात (१९८८, एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात तो आहे) ‘अंगात येणे’ आणि ‘भूतबाधा’ यांतील भेदावर बोट ठेवले. पहिल्यात देव येतो, त्याचे येणे इष्ट असते. दुसऱ्यात जे येते ते नकोसे असते आणि घालवावयाचे असते. बाह्य लक्षणे, म्हणजे घुमणे, केस मोकळे सोडणे, आवाज बदलणे, ही पुष्कळदा सारखीच असतात. त्यामुळे लक्षणांवरून नव्हे तर चौकशीवरून निर्णय होतो : तू कोण, कुठला, काय मागतोस, का धरलेस. उत्तरे पटतात की नाही हे भोवतालचे ठरवितात. कधी देव म्हणून आलेला भूत ठरतो, कधी काहीच आलेले नाही, सोंग आहे, असा निवाडा होतो. आणि कधी, हेही विसरता कामा नये, ‘याला डाक्टरकडे न्या’ असाही. ‘वारे’, ‘लागीर’, ‘करणी’, ‘बाहेरचे’, ‘खूळ’, ‘चळ’, ‘भ्रमिष्ट’ ही शब्दसंपदा पाहिली तर तिच्यात कारण, दोष आणि उपाय यांविषयीचे वेगवेगळे दावे आहेत असे आढळेल. ‘बाहेरचे’ म्हणणारा माणूस रुग्णाला निर्दोष ठरवितो, ‘खूळ’ म्हणणारा काहीसा जबाबदार धरतो. चरकसंहितेने निज आणि आगंतु असा उन्मादाचा भेद मानूनही, देव किंवा पिशाच आपणहून माणसाला क्लेश देत नाहीत, माणसाचा स्वतःचा प्रज्ञापराधच मुळाशी असतो, असे बजावले होते. म्हणजे हा वाद शास्त्रातही जुनाच आहे.

पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याचा मुलूख या दृष्टीने एखाद्या नकाशासारखा वाचता येतो. तोरणा-राजगडच्या परिसरातील विंझरसारख्या गावाहून नसरापूरजवळ महामार्गाला लागले की उत्तरेचा रस्ता पुण्याला, आणि पुण्यात येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे, जातो. दक्षिणेकडे वळून भोरमार्गे गेले की मांढरदेवीचा डोंगर आणि काळूबाई. बाहेरच्यांना हे ठाणे ठाऊक झाले ते २५ जानेवारी २००५ च्या यात्रेतील चेंगराचेंगरीमुळे, जिच्यात २९० हून अधिक माणसे दगावली. पण पौषातील त्या यात्रेला अंगात येणाऱ्यांची आणि बाधा झालेल्यांची गर्दी त्याआधी कितीतरी काळ होत आली आहे. एकाच कुटुंबाला हे दोन्ही रस्ते ठाऊक असतात, आणि ते त्यांना परस्परविरोधी वाटतातच असे नाही. ‘दवा’ आणि ‘दुवा’ यांची सांगड घालणे ही सुशिक्षितांना विसंगती वाटते. आजाऱ्याच्या आईला ती खबरदारी वाटते.

दोन्हींच्या मध्ये उभे असलेले एक तिसरे ठिकाण म्हणजे महानुभावांची मंदिरे. ज्या पंथाच्या परमेश्वरावताराला गावाने वेडा म्हटले त्याच पंथाची काही देवस्थाने वेड बरे करणारी म्हणून ख्यातनाम व्हावीत, हा इतिहासातील चमत्कारिक योगायोग आहे, आणि परमेश्वरावाचून इतर देवतांची भक्ती नाकारणाऱ्या तत्त्वज्ञानाकडे भूतबाधेचे रुग्ण यावेत, ही त्याहून मोठी विसंगती. वीडा स्कल्टन्स यांनी अशा एका मंदिरातील कुटुंबांचा अभ्यास करून १९९१ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला त्यातील निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे. आजारी पुरुषाला घेऊन आलेली आई किंवा पत्नी तेथे स्वतः संचाराच्या अवस्थेत जाते; घरातल्याचा आजार आपल्या अंगावर ओढून घेण्याचे ते साधन असते. म्हणजे घुमणारी बाई येथे रुग्ण नाही आणि देवीही नाही. ती शुश्रूषा करते आहे. संस्कृतीचे कलम हाती घेऊन येणारा वैद्य ‘तुमच्यात हे मानतात का?’ असे विचारील आणि ‘मानतात’ हे उत्तर मिळाल्यावर वही मिटेल. ही झीज घरातील स्त्रीनेच का सोसावी, हा प्रश्न त्याच्या वहीत येणार नाही, आणि संस्कृतीचा आदर केल्याचे समाधान मात्र त्याला मिळेल.

उलट बाजूने, संस्कृतीला केवळ आरोपी करण्याचे मोलही कमी नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानात साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यानंतर श्रद्धास्थानांवर सर्वत्र संशयाची नजर गेली, आणि ते स्वाभाविक होते. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, अतींद्रिय शक्ती अंगात असल्याचे भासवून भीती घालणे, हे त्याच्या अनुसूचीने गुन्हे ठरविले. ते आवश्यक होते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या कायद्यातील अपवाद मात्र मुद्दाम वाचावेत. कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, वारी यांना तो लागू नाही. आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांविषयीच्या साहित्याचा प्रसार करणे यालाही लागू नाही. कायद्याने रेषा ओढली आहे ती भूतकाळाच्या क्रियापदावर. जे ‘घडले’ ते वाङ्मय. जे ‘घडते आहे’ ते तपासाला पात्र. बहिणाबाईचे अभंग सुरक्षित आहेत, आजची बहिणाबाई नाही. विधिमंडळाला दुसरा मार्ग होता असे नव्हे; पण निदान आणि वाङ्मयप्रकार यांची सीमा किती जवळून जाते हे त्यातून दिसते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात, जो २०१८ मध्ये अमलात आला, याहून मूलभूत अशी एक तरतूद आहे. आपल्या समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक वा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरविण्याचा आधार होऊ शकत नाही, असे तो सांगतो. १९१२ च्या वसाहतकालीन कायद्याने आणि १९८७ च्या कायद्याने हे इतक्या स्पष्टपणे म्हटले नव्हते. आता ही तरतूद निदानपुस्तिकेतील कलमाशेजारी ठेवावी. पुस्तिका म्हणते, समाजाशी जुळणारा विश्वास संभ्रम नव्हे. अधिनियम म्हणतो, समाजाशी न जुळणे हेही संभ्रमाचे प्रमाण नव्हे. दोन्ही एकदम पाळावयाचे तर समाजाची मान्यता हे मोजमाप दोन्ही टोकांनी निकामी होते. वैद्याच्या हाती उरते ते यास्पर्सचे जुने काम : त्या व्यक्तीला तो अनुभव कसा आला आणि त्याने तिच्या जगण्यात काय मोडले, हे तिच्याकडून ऐकणे.

ऐकण्याचे साधन म्हणून २०१३ च्या पुस्तिकेने सोळा प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. तुमच्या त्रासाला तुम्ही काय नाव देता, तुमचे कुटुंबीय काय म्हणतात, तुम्ही आधी कोठे मदत मागितली, असे तिचे वळण आहे. यादीकडून कथनाकडे जाणारे हे पाऊल स्वागतार्ह आहे, आणि मराठीत ती मुलाखत घेणाऱ्याला ‘बाहेरचे’ आणि ‘खूळ’ यांतला फरक कळला पाहिजे हे उघड आहे. याच मुलाखतीचा एक वेगळा नमुना रुग्णाबरोबर आलेल्या व्यक्तीसाठी आहे. बहिणाबाईच्या बाबतीत तो नमुना तिच्या नवऱ्याने भरून दिला असता, आणि आजारी पडण्यापूर्वी व नंतर त्याने दिलेली उत्तरे अगदी भिन्न असती. म्हाइंभटांनी अशी दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी ठेवली असती. रुग्णालयाच्या नमुन्यात एका उत्तरापुरतीच जागा असते.